कमरेतली वीज आणि माझं मौन

"तीनच्या वर जायचं नाही, आणि पाणी लागू द्यायचं नाही," देसाकबाईंनी यंत्र हातात ठेवताना बजावलं होतं. बाई आमच्या बेटावरच्या ग्यान्यार गावच्या दवाखान्यात कंबरदुखीवर वीज देतात. यंत्र मुठीत मावेल एवढं. त्याच्या चकत्या कमरेला चिकटवायच्या, बटण दाबून जोराचा आकडा वाढवायचा, मुंग्या येतात, दुखणं दबतं.

मी म्हटलं, यात अवघड ते काय! देवळाच्या गेल्या उत्सवाला माझी कंबर धरली, म्हणून फळं आणि भाजलेलं बदक रचलेला माझ्या नैवेद्याचा मनोरा नणंदेने डोक्यावरून नेला होता. पुढचा मीच आणीन असा देवाला शब्द दिला होता. त्यामुळे या वेळी यंत्र लावूनच निघाले.

नणंद वार्तिनी माझा कमरपट्टा बांधायला आली. "वहिनी, घट्ट बांधते, म्हणजे कंबर धरून राहील," म्हणत तिने पाय रोवून पट्टा आवळला. यंत्र नेमकं त्याच्याखाली होतं. मला सांगता येईना. सकाळी उठल्यापासून देवापुढे नैवेद्य ठेवेपर्यंत मी बोलत नाही, हे माझं रोजचं व्रत.

रस्त्याला लागलो आणि मुंग्यांचे मुंगळे झाले. दर पावलागणिक पट्टा बटण दाबत होता आणि आकडा चढत होता. दोन्ही हात मनोऱ्याला. देवळाच्या दारापर्यंत पोचले तेव्हा कुणीतरी आतून दोरी ओढावी तशी मान हलू लागली होती.

"सरका, हिच्या अंगात आलंय," मागची बाई म्हणाली.

वाद्यं थांबली. पुजारीबाबा हात जोडून पुढे आले. "देवा, काही चुकलं का?"

झटका आला. मी मान डोलावली. डोक्यावरची सफरचंदं, केळी, भाजलेलं बदक, सगळ्यांनी डोलावली. एकही फळ पडलं नाही, तेव्हा कुणाला शंकाच उरली नाही.

"नैवेद्य कमी पडला?"

मान हलली.

"वाद्यं बेताल वाजली?"

मान हलली. "मी सांगत होतो, हा झांजवाला पुढे पळतो," ढोलवाला म्हणाला. "देवाला काय, तू सांगशील ते," झांजवाला पुटपुटला.

तेवढ्यात गर्दीतून माझे यजमान, नंगाह, पुढे आले. तोंड पांढरं पडलेलं. "देवा, हिची कंबर दुखते तरी रोज अंगण हीच झाडते. म्हणून तर नाही ना?"

या वेळी लागोपाठ झटके आले.

"उद्यापासून मी झाडतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"हा देव आमच्याही घरी पाठवा," बायकांतून आवाज आला.

पुजारीबाबांनी तीर्थाचा सगळा कलश माझ्यावर रिता केला. पाणी पाठीवरून पट्ट्यात उतरलं, कमरेला शेवटचा चिमटा बसला आणि यंत्र शांत झालं.

"गेले देव," बाबा म्हणाले.

नैवेद्य ठेवला, मौन सुटलं. आधी बाबांना गाठलं. "बाबा, देव नव्हते. हे होतं." यंत्र दाखवलं, त्यातून तीर्थ ठिबकत होतं.

बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "एवढ्या झटक्यांत मनोरा पडला नाही, तेही यानेच केलं?"

मी देवापुढच्या मनोऱ्याकडे वळून पाहिलं.

"मग जा, प्रसाद घे."

पण खोट्यावर नवऱ्याला राबवायचं कसं? घरी आल्याबरोबर सांगून टाकलं. "अहो, ते यंत्र होतं. तुम्ही वचनातून मोकळे."

त्यांनी डोकं खाजवलं. "पण मी शब्द यंत्राला दिला नव्हता गं."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते उठले, कोपऱ्यातला माडाच्या हिरांचा झाडू घेतला आणि अंगणात उतरले. 'अहो, राहू द्या' म्हणावंसं वाटलं, पण माझं मौन सुरू झालं होतं. मी ओलं यंत्र तांदळाच्या डब्यात वाळत घातलं. झाडू फारच आखूड आहे, वाकूनच झाडावं लागतं. यांच्या कमरेला लागेल.