सर्वानुमते फ्रेंच रॉक

इंदापूर तालुक्यातील एका महाविद्यालयाला वरची श्रेणी मिळवण्यासाठी परदेशी सांस्कृतिक वारशाचे मूल्यमापन सादर करायचे होते. भौतिकशास्त्राच्या कंत्राटी प्राध्यापिका तेजश्री यांनी ‘सेल ग्री’ हा फ्रेंच प्रोग्रेसिव्ह रॉक बँड सुचवला. सत्तरच्या दशकात हा बँड निघाला, एक तबकडी काढून दीड वर्षात मोडला. नमुना लहान असेल तर तो पूर्ण तपासता येतो, एवढाच त्यांचा शास्त्रीय हेतू होता. अहवाल मान्य झाला तर त्यांचे कंत्राट वाढणार होते, नाही तर जूनपासून त्या घरी.

मूल्यमापन समितीच्या अध्यक्षपदी संस्थेचे उपाध्यक्ष विजयसिंह तात्या यांची नेमणूक झाली. संगीताशी त्यांचा कधीच संबंध आला नव्हता, त्यामुळे निःपक्षपातीपणाची अट आपोआप पूर्ण झाली.

“तात्या, आधी ऐकून घेऊ. एक बाजू बावीस मिनिटांची आहे,” तेजश्री म्हणाल्या.

“बावीस मिनिटांत किती गाणी?”

“एकच.”

“बाई म्हणती का बाप्या?”

“पहिली अकरा मिनिटं कुणीच म्हणत नाही.”

तात्यांनी चष्मा काढला. “मॅडम, कारखान्यावर उसाची गाडी आली तर आख्खी गाडी चावून बघत्यात व्हय? नमुना काढा.”

नमुना सुरुवातीच्या दहा सेकंदांचा काढण्यात आला. त्यात फक्त समुद्राची गाज होती. ‘संगीत आढळले नाही, तथापि पाणी मुबलक’ असा समितीने शेरा दिला.

“आता प्रभाव बघू. आपल्या भागात किती लोकांवर हाय?” तात्यांनी विचारले.

“एकावरही नाही. कुणी ऐकलेलंच नाही.”

“मग श्रेणी जाणार. आन् तिच्या मागं तुमी.”

यावर उपाय म्हणून हा विषय संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात आला. मंडपामागे रस्सा उकळत होता. सचिव जयवंता यांनी “विषय क्रमांक सात, फ्रान्समधील...” एवढे वाचताच मागच्या रांगांतून “मंजूर! मंजूर!” असा गजर झाला. ज्यांनी ज्यांनी आवाज दिला, ते सर्व सभासद प्रभावित धरण्यात आले.

तेवढ्यात शेळगावचे गेणबा आबा उठले. “थांबा! मला इच्यारायचं हाय.”

तेजश्रींना आशा वाटली.

“त्या फ्रान्सवाल्यांचा सत्कार कवा हाय?”

सत्कारही मंजूर झाला. बँड अनुपस्थित असल्याने शाल आणि श्रीफळ तात्यांनी स्वीकारले.

तेजश्री माईकजवळ गेल्या. “तात्या, आता तरी एकदा वाजवू या. सगळे जमलेत.”

तात्यांनी माईकवर हात ठेवला. “आन् ऐकल्यावर कुणाला आवडलं न्हाय तर? झालेला ठराव मोडायचा का? तुमाला कंत्राट पायजे का गाणं?”

तेजश्री खाली उतरल्या.

‘ऐकल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही’ हे त्यांनी अहवालात लिहिलेले वाक्य कार्यालयाने नकारात्मक ठरवून काढले आणि त्या जागी नवे घातले: ‘सेल ग्रीचा जगातील सर्वाधिक प्रभाव इंदापूर तालुक्यात आहे.’ तेजश्रींनी हे खोडून काढण्याचा प्रयत्न केला, पण इतर कुठल्याच तालुक्याने मोजणी केलेली नसल्याने त्यांना पुरावा मिळाला नाही. त्यांनी सही केली. कंत्राट आणखी अकरा महिन्यांसाठी वाढले. बारामतीच्या एका महाविद्यालयाने हीच पद्धत पाठवण्याची विनंती केली आहे.

पद्धत सोपी आहे. विषय समोर आला असता ज्याने प्रश्न विचारला नाही, तो प्रभावित. आपण इथवर वाचलेत. या बँडमध्ये किती जण होते, ते काय वाजवत होते, हे आपल्या मनातही आले नाही. आपल्याला धरले आहे.