वाकडी करंगळी

कुमासीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र कोणी शिकवायचं, यावरून डॉ. अडोमाको आणि डॉ. एफुआ क्वान्साह वर्षानुवर्षं भांडत आले होते. अडोमाको सर्जन. "जिने आयुष्यात एका पेशंटची नाडी बघितली नाही, ती पोरांना डॉक्टर करणार?" असं ते कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत. एफुआबाई या विषयातल्या पीएचडी. "ह्यांना अपेंडिक्स सापडतं, तेवढंच पोट माहीत," असं त्या मक्याच्या केंकेवर गुंडाळलेलं पान सोडवता सोडवता उत्तर देत. दोघांचे गुरू आणि विभागप्रमुख प्रोफेसर न्यान्ताची हसून म्हणत, "मी आहे तोवर मीच शिकवतो. नंतर काय ते बघा."

नंतरची वेळ लवकर आली. प्रोफेसर गेले, आणि जाताना आपला देह विभागाला देऊन गेले. पुढच्या वर्गाने आपल्यावरच शिकावं, ही त्यांची शेवटची इच्छा.

सत्र उघडलं आणि भांडण उलटं झालं.

"तुम्हीच घ्या तास, एफुआ. विषय तुमचा," अडोमाको म्हणाले.

"छे, सुरी धरायची सवय तुम्हाला. डॉक्टरनेच शिकवावं."

"मी आपला सुतार. शास्त्र तुमचं."

"मी नाडीसुद्धा बघितलेली नाही हो कधी!"

डीननी समिती नेमली. दोघेही सर्वार्थाने पात्र आहेत, असं समितीने कळवलं. विद्यार्थी रोज ॲप्रन घालून येत, झाकलेल्या टेबलाभोवती उभे राहत आणि परत जात.

बातमी प्रोफेसरांच्या मामांपर्यंत पोहोचली. त्यांच्या रीतीप्रमाणे मेलेला माणूस आईच्या घराण्याचा, आणि त्या घराण्याचे प्रमुख हे मामाच, नाना अफ्रिये. भाच्याची इच्छा म्हणून त्यांनी नाखुशीने होकार दिला होता. शिकवून झालं की देह परत, मगच अंत्यविधी. सुतकात नेसायचं लाल-काळं कापड घरी येऊन पडलं होतं.

नाना पितरांना वाहायच्या दारूची, स्नॅप्सची बाटली घेऊन थेट विभागात आले. बाटली धरलेल्या हाताची वाकडी करंगळी तेवढी काचेपासून सुटी राहिली होती. सोबत काळ्या कपड्यांत प्रोफेसरांच्या पत्नी, कोनाडूआंटी.

"कोणीच शिकवत नाही म्हणता? मग आमचा माणूस इथे करतोय काय? नापास झालाय का?"

नानांनी बाटली टेबलाकडे रोखली.

"उचला त्याला. शनिवारी माती देऊ."

"थांबा नाना," आंटी म्हणाल्या. "त्यांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. हे एवढंच मागितलं."

त्या टेबलापाशी गेल्या. कापडाखालून त्यांनी फक्त उजवा हात बाहेर घेतला आणि तो धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "ही करंगळी बघा. गाडीच्या दारात सापडली. दार मीच लावलं होतं. हाड मोडलं, ते असं वाकडं बसलं."

अडोमाको खाकरले. "माफ करा आंटी, पण हाडाला काही झालेलं नाही. बोट सरळ करणारा स्नायूचा दोर तुटलाय."

"तुटलाय कुठे?" एफुआबाई पुढे झाल्या. "आखडलाय. तळव्याच्या बाजूने बघा ना."

"बाई, असली बोटं मी रोज बघतो."

"बघता हो. उघडून बघता का?"

"मग उघडूया!"

"उघडाच!"

अडोमाकोंनी सुरी उचलली, एफुआबाईंनी चिमटा. दोघांचेही डोळे वाहत होते. "अहो, तिथून नाही, मधून!" विद्यार्थी टेबलाकडे सरकले.

आंटी नानांना दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. आतला कलकलाट व्हरांड्यापर्यंत येत होता.

"दार कुठलं, सूनबाई? जन्मला तेव्हापासून तशीच होती ती करंगळी."

"माहीत आहे. पण चुकीचं ऐकून ही दोघं गप्प बसत नाहीत, असं हे रोज जेवताना सांगायचे."

नानांनी बूच काढलं आणि भाच्याच्या नावाने उंबऱ्याशी चार थेंब ओतले. मग ते स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिले.

"आत जाऊन दाखवू का त्यांना?"

"नको," आंटी डोळे पुसत म्हणाल्या. "तास चालू आहे."