घट्ट बसलेला साबण

दाढीच्या वाटीत साबण हलतो, ही हेडक्लार्कची तक्रार त्यांच्या नोकरीइतकीच जुनी होती. वाटी रुंद, वडी लहान. ब्रश फिरवला की वडीही त्याच्याबरोबर गरगर फिरायची आणि वाटीत फेस येण्याआधी हेडक्लार्कच्या तोंडाला यायचा.

त्या सकाळी मात्र तक्रारीलाही सवड नव्हती. निवृत्त होणाऱ्याचा एकच फोटो काढून तो कचेरीच्या भिंतीवर कायमचा टांगायचा, अशी तिथली पद्धत. त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कचा फोटो नेमका शिंक येताना निघाला होता. तो बिचारा वर्षानुवर्षं भिंतीवर शिंकायच्या बेतात होता. आज फोटोग्राफर यांच्यासाठी येणार होता. भिंतीवर जायचंच तर निदान गुळगुळीत जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

उजवा गाल झाला. डाव्यासाठी ब्रश फिरवला, तशी वडी टुणकन उडून मोरीत पडली. उचलली, निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. शेवटी ते तिला हातात धरून उंबऱ्यावर बसून राहिले.

"भाऊजी, ह्याच्यावर आता कायमचा इलाज करू," मागून मेव्हणा म्हणाला.

मेव्हणा चार दिवसांसाठी म्हणून आला, त्याला दोन महिने होत आले होते. तेवढ्यात त्याने घड्याळावर, मिक्सरवर आणि दारावरच्या घंटीवर कायमचा इलाज केला होता. तिन्ही आता बंद होती.

"आज नको रे बाबा. माझा एकच गाल राहिलाय."

"वितळवायचा, ओतायचा, गार करायचा. तुम्ही चहा घेईपर्यंत होतंय."

हेडक्लार्कनी उभ्या नोकरीत कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. दोनदा म्हणायचं त्राण आता कुठून आणणार? त्यांनी वडी देऊन टाकली.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "दुधाच्या पातेल्यात साबण कोणी घातला?"

"ताई, पातेलंही घासून निघतंय की."

वडी वितळली, पण वाटी अर्धीच भरली. मेव्हण्याला अर्धवट काम खपत नसे. त्याने अंघोळीच्या साबणाच्या होत्या तेवढ्या वड्या पातेल्यात टाकल्या. ढवळायला हाताशी ब्रश होताच. वाटी काठोकाठ भरून त्याने फ्रीजरमध्ये ठेवली. ब्रशसकट.

वाटी बाहेर आली तेव्हा ब्रश मधोमध ताठ उभा होता. हेडक्लार्कनी तो ओढला, तर वाटीच उचलली गेली. मेव्हण्याने वाटी धरली, त्यांनी जोर लावला. मूठ हातात आली, केस साबणात राहिले.

"साबण घट्ट बसायला हवा होता ना तुम्हाला?" बायको शांतपणे म्हणाली. "बसला."

"अंघोळीचा दे एखादा."

"त्यातच आहे."

"मग न्हाव्याकडे जातो."

"आज त्याची सुट्टी."

हेडक्लार्कनी डाव्या गालावर कोरडंच पातं ओढून पाहिलं. एकदाच. मग त्यावर कापूस चिकटवून ते कचेरीला गेले.

फोटोग्राफरने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "साहेब, जरा डावीकडे बघा. खिडकीतून बाहेर. अजून थोडं."

फोटो आला. फक्त गुळगुळीत उजवी बाजू, आणि काहीतरी कायमचं हातातून गेल्यासारखी दूरची नजर. "असा निरोप कोणी घेतला नव्हता," मोठे साहेब म्हणाले. पुढे निवृत्त होणारा जो तो तसाच फोटो मागू लागला.

वर्षभराने हेडक्लार्क सहज कचेरीत गेले. भिंतीवर त्यांच्या पुढचे तिघेही खिडकीबाहेर बघत होते. चौथा, म्हणजे त्यांचा जुना टायपिस्ट, फोटोग्राफरसमोर मान वळवून ताटकळला होता.

"साहेब, बरे आलात," तो मान न हलवता म्हणाला. "तुमच्यासारखी नजर काही जमत नाहीये. त्या दिवशी तुम्ही नेमकं कशाकडे बघत होतात?"

हेडक्लार्कनी खिडकीबाहेर पाहिलं.

"समोरच्या न्हाव्याच्या दुकानाकडे," ते म्हणाले. "बंद होतं."