डॉक्टर पिकेटची बिनचमक गाडी

"अख्ख्या ओहायोत माझ्या गाडीइतकी देशभक्त गाडी दाखवाच!" डॉक्टर लेलँड पिकेट खुर्चीत बसून गरजले. मानेवर रूफस न्हाव्याचा वस्तरा फिरत असताना इतकं जोरात बोलणं धोक्याचंच होतं, पण अभिमानापुढे मानेची कोण पर्वा करतो!

डॉक्टर होते गुरांचे. दुसऱ्या महायुद्धामुळे मोटारींचे कारखाने विमानं बनवायला लागले होते, आणि उरलेल्या थोड्या गाड्या परवाना असलेल्यांनाच मिळत. डॉक्टरांना मिळाली. पुढची जाळी, कडेच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, सगळं राखाडी. चमकणारा क्रोम विमानांना हवा होता ना!

"तुझी जुनी गाडी बघ, नवरीसारखी नटलीय," डॉक्टर म्हणाले. "माझ्या गाडीवर क्रोमचा कण नाही!"

"कळलं हो डॉक्टर! पाद्रीबाबांपासून गाईपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय तुमचं," रूफस म्हणाला.

पण युद्धासाठी धातू गोळा करायच्या शनिवारच्या भंगार-मोहिमेच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे चालायचा मान त्याच गाडीला मिळाला होता. डॉक्टरांचा मुलगा वेंडेल पॅसिफिकमध्ये लढाऊ बोटीवर होता. रात्रंदिवस त्याची काळजी वाहणाऱ्या बापाला त्याच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटायला ही एक गाडीच होती, म्हणून हा मान त्यांना जिवापलीकडे वाटत होता.

शनिवारी सकाळी डॉक्टर टाय बांधत बाहेर आले आणि तिथेच थिजले. अंगणात आरसा ठेवल्यासारखी गाडी लखलखत होती! शेजारी त्यांच्या सासूबाई ऑगस्टा, हातात तारेची घासणी, पायाशी रॉकेलची बादली.

"किती मळ धरला होता हो जावईबापू! पहाटेपासून घासतेय."

"आई! तो मळ नव्हता, रंग होता!"

"मग खाली हे काय चमकतंय?"

खाली क्रोम चमकत होता! क्रोमवर बंदी आली तेव्हा कारखान्यात मुलामा दिलेले भाग तयार पडले होते. त्यांच्यावरच राखाडी रंग फासून गाडी बाहेर काढली होती. गावभर मिरवलेली देशभक्ती रंगाच्या एका हाताइतकीच जाड निघाली.

"नेटी! व्हरांड्याचा राखाडी रंग कुठाय?" डॉक्टर बायकोवर ओरडले.

"अहो, तो वाळायला दिवस लागतो!"

"वाळेल वाऱ्यावर!"

नेटीने डावीकडून, डॉक्टरांनी उजवीकडून ब्रश मारले. सासूबाई "आता पुन्हा कोण घासणार?" असं पुटपुटत राहिल्या. गाडी चौकात पोचली तेव्हा ओली होती, पण राखाडी होती.

चौकात भंगाराचा ढीग रचला होता. बँड, झेंडे, सगळा गाव हजर. महापौर ग्रोव्हर टिल्मन पांढरा सूट घालून आले आणि आपलं भाषण लांबणार हे ओळखून आरामात गाडीच्या जाळीला टेकले.

"अहो, नका टेकू!" डॉक्टर कुजबुजले.

"घाबरू नका डॉक्टर, देशाची गाडी आहे, माझं वजन पेलेल!"

भाषण संपलं. महापौर झेंड्याला वंदन करायला वळले. त्यांच्या पाठीमागे, ऐन बैठकीच्या जागी, राखाडी पट्टे उमटले होते! आणि जाळीवर महापौरांच्या बैठकीएवढा क्रोम उन्हात झगमगत होता.

"क्रोम!" रूफस किंचाळला. "डॉक्टरांनी क्रोम लपवलाय!"

लोक कुजबुजू लागले. डॉक्टरांचे कान लाल झाले. सासूबाईंवर ढकलावं, कारखान्यावर ढकलावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग वेंडेल डोळ्यांपुढे आला.

"आज सकाळपर्यंत मलाच ठाऊक नव्हता," ते मोठ्याने म्हणाले. "पण आता ठाऊक झालाय! रूफस, पेचकस आण!"

त्यांनी पहिली पट्टी उचकटली आणि ढिगावर भिरकावली. खण्ण! टाळ्यांचा कडकडाट झाला, बँडने सूर धरला. डॉक्टरांची छाती इतकी फुगली की वास्कटाचं बटण तुटलं. मग गावालाच चेव चढला. एकाने जाळी उपटली, दुसऱ्याने बंपर सोडवला, तिसऱ्याने त्या जागी कुंपणाची फळी दोरीने बांधली. रूफसने तर दारांच्या मुठी काढल्या, बाहेरच्या आणि आतल्याही!

"अरे, मुठी कशाला?" डॉक्टर ओरडले.

"देशासाठी, डॉक्टर!"

आता दार उघडेना. डॉक्टर खिडकीतून आत शिरले. अर्धे आत, अर्धे बाहेर असताना मागून महापौरांनी ढकललं. आणि फळी लावलेली ती बोडकी गाडी मिरवणुकीच्या अग्रभागी निघाली. दुतर्फा लोकांनी टोप्या काढल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. डॉक्टर नेटीला घेऊन ऐटीत चर्चला पोचले आणि बघतात तो काय! प्रत्येक गाडीला फळी! कुणाची गोठ्याची, कुणाची पलंगाची. रूफसच्या फळीवर तर रंगवलेला झेंडा. डॉक्टरांच्या गाडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"चला, सगळे सारखेच देशभक्त झाले," नेटी समजुतीने म्हणाली. "आता आपली गाडी वेगळी ओळखायची तरी कशी?"

पलीकडे रूफस आपल्या गाडीच्या दाराची मूठ फिरवून रुबाबात उतरला. मग महापौर उतरले, मग पाद्रीबाबा. सगळ्यांच्या मुठी जागच्या जागी होत्या.

"ओळखतील," डॉक्टर म्हणाले, आणि खिडकीतून डोकं आधी बाहेर काढावं की पाय, याचा विचार करत बसले.