मागच्या सीटचं मत

“गाडीवाल्याला काय विचारता? तो तर तिच्या प्रेमात पडलेला असतो. मागं कोण बसतं ते सांगा.”

मी जिन्यात उभी राहून हे ऐकलं. खाली फाटकाशी दत्तूकाका माझ्या बाबांना समजावत होते. छोटी गाडी घ्यायची म्हणून बाबा आठवडाभर जालन्यातल्या ओळखीच्या गाडीवाल्यांना विचारत फिरले होते. प्रत्येकाने आपलीच गाडी उत्तम असल्याचं सांगितलं होतं. बाबा होते तिथेच होते, फक्त जास्त थकलेले.

दत्तूकाका आमच्या शेजारचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्याकडे गाडी नव्हती आणि त्यांना ती चालवताही येत नव्हती, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. “चौतीस वर्षं मी रस्ता पाह्यलाच न्हाई,” ते म्हणत. “रस्ता ड्रायव्हरनं पाह्यला. मी मागची माणसं पाह्यली.” कुठल्या खड्ड्यात कुणाचा चेहरा कसा होतो, हे त्यांना पाठ होतं.

नोकरी सुटली तरी कंडक्टर सुटला नव्हता. लग्नाच्या पंगतीत ते लोकांना आत सरकायला लावत. आमच्याकडे येताना दारावर एकच टकटक करत, म्हणजे थांबा. चहा पिऊन उठले की चौकटीवर दोनदा वाजवत, म्हणजे चला. दोनदा वाजवल्याशिवाय ते कधी आमच्या घरातून गेले नाहीत.

गाडी आईसाठी हवी होती. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढचे सहा महिने दर आठवड्याला तिला उपचारांसाठी औरंगाबादला न्यायचं होतं. यात खंड पडला तर डावा पाय कायमचा ओढत चालावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या खेपेला भाड्याच्या जीपने नेलं, तर घरी आल्यावर दोन दिवस तिला कुशीवर वळता आलं नाही. आई रडली नाही. पुढच्या आठवड्यात मी येणार नाही, एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी कशीबशी तीन आठवड्यांची सवलत दिली.

म्हणून काकांनी हे काम स्वतःकडे घेतलं आणि मलाही ओढलं. घरातल्या बाया मुलीपाशी मोकळं बोलतात, असा त्यांचा हिशेब. तो साफ चुकीचा होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अनोळखी घरात मराठीतली चार वाक्यं सलग बोलायची म्हटली की मी दुसऱ्या वाक्यालाच अडखळायचे. तशी मी इंग्रजीतही कुठे बोलत होते म्हणा. काकांनी माझ्या हातात जुन्या पुठ्ठ्याची एक वही दिली. पहिलं पान टाचणीने पुठ्ठ्याला टाचलेलं होतं.

“ते पान राहू दे, माय. दुसऱ्यापासून लिही.”

त्यांचे नियम दोनच होते. मालकाचं मत लिहायचं नाही, हा पहिला. दुसरा असा, की मागच्या सीटला दोन खिडक्या असतात, तर मतंही दोन घ्यायची. “एका खिडकीचं मत ही तक्रार असू शकते. दोन्ही म्हणाले तर मंग बराबर.”

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांपासून सुरुवात झाली. काका त्यांच्या गाडीत मागे बसले ते कढीने काठोकाठ भरलेला पेला हातात घेऊन. पाणी सांडलं तर वाळून जातं, कढीचा डाग खरं सांगतो, असं त्यांचं शास्त्र. गाडी अंबड रस्त्याला लागून परत आली तेव्हा पेला निम्मा उरला होता आणि बाकीचं मत सीटच्या पांढऱ्या कव्हरवर होतं. डॉक्टरांच्या पत्नीने गाडीबद्दल काही सांगितलं नाही. कढीबद्दल बरंच सांगितलं. मी वहीत लिहिलं, ‘एक खिडकी. रागावलेली.’

दुसरी गाडी एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याची. तिथे आम्ही रविवारी सकाळी गेलो. आईच्या सांगण्यावरून मी चांगला ड्रेस घातला होता. काकांनी आदल्या दिवशी फक्त एवढाच निरोप धाडला होता, की मुलीला घेऊन येतो आहे, घरातल्या बायकांशी बोलायचं आहे. आम्ही बसलो. पाच मिनिटांत पोहे आले, वर खोबरं, कोथिंबीर, शेजारी लिंबाची फोड. मग इस्त्रीच्या शर्टातला मुलगा आला आणि समोरच्या खुर्चीत अवघडून बसला. त्याच्या आईने मला विचारलं, स्वयंपाकात काय काय येतं?

माझ्या सगळं लक्षात आलं. तरी मी मान खाली घालून पोहे खात राहिले, आणि त्यामुळे मी त्यांना फारच पसंत पडले.

काका खिडकीतून अंगणातली गाडी बघत होते. मुलाचे वडील पत्रिकेबद्दल विचारू लागले, तेव्हा कुठे ते वळले.

“पत्रिका कशाची? आम्ही तुमची गाडी पाहून राह्यलो.”

मग तो मुलगा हसायला लागला. त्याच्याइतकं हायसं वाटलेला माणूस मी पाहिला नाही. अर्थात मला आरसा कुणी दाखवला नव्हता. त्याची आई मात्र रागावली नाही. म्हणाली, पोहे तरी संपवा.

मग आतून त्याच्या आत्या आल्या. गुडघे दुखणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या. गाडीत मागे बसणाऱ्या त्याच. काका त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि अर्धा तास त्यांचं ऐकत राहिले. चढताना गुडघा किती वाकवावा लागतो, खड्डा आला की तो कमरेला कळतो की मानेला, गाडी कधी रस्त्यात बंद पडली होती का. दोन वर्षांत एकदाही नाही, आत्या म्हणाल्या. दुसऱ्या खिडकीशी बसणारी मुलाची आईही तेच म्हणाली. मी भराभर लिहीत होते. काका इतकं ऐकून घेऊ शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही तशीच गाडी घेतली. नवी, राखाडी रंगाची.

आज आई गच्चीचा जिना एकटी चढते. वाळवण घालायला गेली की तिची पावलं मला खाली ऐकू येतात, दोन्ही सारखी. म्हणून तो पहिला सोमवार लिहून ठेवावासा वाटला.

त्या सकाळी काकांनीच आईला मागच्या सीटवर बसवलं. कमरेशी उशी सरकवली, काढली, पुन्हा दोन बोटं खाली सरकवली. बदनापूरच्या आधी कुठे हळू घ्यायचं ते बाबांना तीनदा सांगितलं. मग खिडकीतून वही माझ्या हातात दिली.

“आल्यावर वहिनींचं मत लिहून ठेव. आपलं काम झालं.”

मी बाबांच्या शेजारी पुढे बसले होते. वही मांडीवर ठेवताना गंजलेली टाचणी निघून हातात आली आणि ते पहिलं पान सुटलं. कंडक्टरच्या घाईच्या अक्षरात, चालत्या गाडीत लिहिलेल्या चार ओळी होत्या.

‘टेंभुर्णी गाडी. डावी खिडकी. सुमन. म्हणाली, धक्क्याचं काही नाही, एकदा शेजारी येऊन बसा.’

काकांची बायको, सुमनकाकू, मला अंधुक आठवत होत्या. काका निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात त्या वारल्या. चौतीस वर्षं नवऱ्याच्या गाडीतून त्या टेंभुर्णीला माहेरी गेल्या असतील, आणि ते समोर उभे राहून तिकिटं फाडत असतील.

मी मान वर केली. काका फाटकाशी उभे होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. कुठेही जायचं नसताना. त्यांनी हात लांबवून गाडीच्या टपावर दोनदा टकटक केली. बाबांनी गाडी सुरू केली.

मी समोरच्या डॅशबोर्डवर एकदाच वाजवलं. जोरात. बाबांनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काका, आईच्या शेजारची खिडकी रिकामी आहे,” मी म्हणाले. “दुसरं मत कोण देणार? बसा.”