साहेब येणार म्हणून

साहेब लोकांना कसं पटवायचं, ते माझ्याकडून शिकावं! दर्यापूर तालुक्यातल्या ज्या शाळेत मी मुळाक्षरं गिरवली, तिचाच आज मी मुख्याध्यापक. खडू महागला, वीज महागली, शाळेचं अनुदान मात्र मी चड्डी घालत होतो तेव्हापासून वाढायचं नाव घेत नाही! अनुदानवाढीची शिफारस करणारे साहेब येणार कळताच मी बेत आखला. बोलायचंच नाही, नुसतं दाखवायचं! डुगडुगती खुर्ची, बंद पंखा आणि छपराच्या फुटक्या कवेलूंतून वर्गात उतरणारं ऊन.

गावात फक्त एवढंच सांगितलं, "उद्या साहेब येणार." इथंच माती खाल्ली!

सकाळी दर्यापूरहून जीपनं येऊन उतरलो तर शाळा ओळखू येईना. भिंतींना चुना, छताखाली लग्नाच्या मांडवाचं कापड, दारात रांगोळी! सरपंच रामराव, माझा चौथीतला सोबती, स्वतःच्या घरचा पंखा टांगत होता.

"रामराव, हे काय केलंस?"

"काहून बे? पाहुन्याले तुटक्या खुर्चीवर बसवतं का कोनी? गावाची इज्जत हाय का नाई!"

"अरे, ती तुटकी खुर्चीच तर दाखवायची होती!"

"ते मायाच घरी लपवली म्या. फिकर नको करू!"

मागं माणिकबाई, शाळेची खिचडी शिजवणाऱ्या, आज गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत होत्या. माझ्यासोबत शिकलेले, आता टक्कल पडलेले गडी आपापल्या जुन्या जागी तरटपट्टीवर मांडी घालून बसले होते. खिडकीजवळची माझी जागाही त्यांनी राखली होती. मी बसलो. बाहेर तोच कडुनिंब. कुणीतरी पाढे सुरू केले आणि एकोणतीसला सगळ्यांची दातखीळ बसली, अगदी तेव्हासारखी! मीच पुन्हा 'एकोणतीस एके एकोणतीस' सुरू केलं. साहेब कधी आत आले, कळलंच नाही.

त्यांनी पंखा पाहिला, रोडगे हाणले, ढेकर दिला. "सर, इथं तर कशाचीच कमी नाही!"

"साहेब, हे सगळं गावानं घरून आणलंय! अनुदान पुरत नाही हो..."

"वा! याला म्हणतात लोकसहभाग! मग वाढीव अनुदान कशाला? पुढच्या महिन्यात तालुक्यातले सगळे मुख्याध्यापक इथंच आणतो. आहे त्या अनुदानात शाळा कशी चालवावी, यावर तुम्हीच भाषण द्या!"

साहेब गेले. पंखा उतरवता उतरवता रामराव म्हणाला, "पाह्य, खुश झाला का नाई साहेब? त्या हेडमास्तराइले बी रोडगेच करू!"

डुगडुगती खुर्ची परत आलीय. तिच्यावर तोल सांभाळत मी ते भाषण लिहायला बसलोय. फुटक्या कवेलूतून ऊन नेमकं कागदावर पडतं, दिवा लावावा लागत नाही. चला, एक मुद्दा तर सापडला!