सामानापाशी कोण?

शिवणकाम करणाऱ्या बाईंना बस बदलायला अर्धा तास होता आणि दोन गावं मागे लागलेली लघवी त्यांनी अजून दाबून धरली होती. सोबत चादरीत बांधलेलं शिलाई मशीन. ते घेऊन आत जाणं अवघड आणि टाकून जाववत नव्हतं. पुतण्याकडे कायमच्या राहायला निघालेल्या बाईंचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

प्रत्येक गावात या जागेला शब्द वेगळा. एका स्टँडवर मुतारी, दुसऱ्यावर संडास, तिसऱ्यावर नुसतंच "तिकडे मागे". इथल्या चौकशीवाल्याने तर "प्रसाधनगृह म्हणा" असं सुनावलं. वास मात्र सगळीकडे एकच. शब्दावाचून काही अडत नव्हतं, अडत होतं धाकट्या जावेवाचून. घरात दोघींचं क्षणभर पटायचं नाही, पण प्रवासात ती सामानावर बसकण मारून म्हणायची, "जा ताई, मी आहे." तिला वारून वर्ष होत आलं होतं.

बाईंनी बाकावरच्या गृहस्थांना विचारलं, "जरा याच्याकडे बघता का?"

"आधी तुम्ही माझ्या बॅगेकडे बघा. आलोच मी!"

ते परत येईपर्यंत आणखी दोघांनी पिशव्या आणून टेकवल्या. "तुम्ही बसलाच आहात ना, मावशी?"

मावशी बसल्या नव्हत्या, अडकल्या होत्या. सगळे मोकळे होऊन आले, सामान उचलून आपापल्या बसकडे पळाले. बाक रिकामं झालं. इतकं एकटं बाईंना जाऊ गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान लघवी लागली नव्हती.

शेवटी मशीन कमरेवर घेऊन त्या स्वतःच निघाल्या. आत मशीन मावलं, बाई मावल्या नाहीत.

दाराशी स्टुलावर बसलेली सफाईवाली म्हणाली, "कधीची बघतेय तुमचे हाल. ठेवा ते इथे. मी आहे."

बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

"आता माझं एक काम करा," सफाईवालीने स्टूल पुढे सरकवलं. "सकाळपासून मलाच जायला मिळालं नाही. आत गेलं की लोक बादल्या पळवतात."

तेवढ्यात बाईंच्या बसचा हॉर्न वाजला. पुढची बस थेट संध्याकाळी. बाईंनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा स्टुलाकडे. मग पदर खोचून बादल्यांशेजारी बसकण मारली.

"जा निवांत," त्या म्हणाल्या, "मी आहे."